साष्टीतील इगर्ज आणि पुराणश्रवण : रायतूरच्या धर्मग्रामाची परंपरा

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा विचार मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा दोन अंगांनी होतो. एका परदेशी धर्मोपदेशकाने मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या रचल्या, याचे कौतुक हे त्यातले एक अंग. दुसरे अंग वादाचे : ग्रंथाची भाषा मराठी मानायची की कोकणी, हा प्रश्न गोव्याच्या राजभाषेच्या चळवळीत अधिकच धारदार झाला. या दोन्ही चर्चांत एक साधी गोष्ट मागे पडते. हा ग्रंथ एकांतात वाचण्यासाठी लिहिलेला नव्हता. तो एका विशिष्ट वास्तूत, विशिष्ट वारी, जमलेल्या श्रोत्यांना ऐकवण्यासाठी रचला गेला. ती वास्तू म्हणजे साष्टी तालुक्यातील इगर्ज, आणि तिच्याभोवती उभी राहिलेली धर्मग्रामाची व्यवस्था. पोर्तुगीज ‘इग्रेजा’ या शब्दाचे कोकणीने केलेले हे रूप इतके घरचे झाले आहे, की गोव्यातील ख्रिस्ती माणूस ‘चर्च’ हा शब्द कागदावर वापरतो, पण बोलताना इगर्जेलाच जातो.

येथे साष्टी म्हणजे मुंबईजवळचे बेट नव्हे. झुआरी नदीच्या दक्षिणेचा, मडगाव हे ज्याचे मुख्य ठाणे, तो गोव्यातील प्रदेश या नावाने अभिप्रेत आहे. सहासष्ट गावांचा म्हणून ‘सासष्ट’, अशी त्याची लोकप्रिय व्युत्पत्ती सांगितली जाते. झुआरीच्या काठी असलेला रायतूरचा किल्ला, पोर्तुगीज कागदपत्रांतील ‘राशोल’, हे या प्रदेशाचे लष्करी नाके होते. साष्टी आणि बारदेश हे प्रदेश १५४३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचे आले. साष्टीतील धर्मप्रसाराचे काम येशूसंघाकडे सोपवण्यात आले, तर बारदेश फ्रान्सिस्कनांकडे राहिला. दोन संघांच्या कार्यपद्धतीतला फरक पुढे दोन्ही प्रदेशांच्या ग्रंथनिर्मितीतही उमटला. ओवीबद्ध पुराणांची ठळक परंपरा निर्माण झाली ती प्रामुख्याने येशूसंघीयांच्या हातून.

रायतूरची ‘हिमाच्या मातेची’ इगर्ज १५७६च्या सुमाराची मानली जाते. १५९६ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. हे अभिधान रोममधील एस्क्विलिन टेकडीवर भर उन्हाळ्यात पडलेल्या बर्फाच्या आख्यायिकेवरून आलेले आहे आणि तिचा सण ५ ऑगस्टला येतो. साष्टीत तेव्हा पावसाची झड लागलेली असते आणि शेतात भात उभे असते. बर्फ कधीही न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी हिमाच्या मातेला आपली सायबीण मानले, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. देवतेच्या नावाचा अर्थ भक्ताला ठाऊक असावा लागतोच असे नाही. तो सण शेतीच्या वेळापत्रकात कोठे बसतो हे त्याला पुरते.

या इगर्जेच्या इतिहासातील पहिली महत्त्वाची व्यक्ती पाद्री नाही, किल्लेदार आहे. दियोगु रोद्रिगिश हा रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान होता. १५६७ साली त्याने साष्टीतील देवळे पाडण्याची मोहीम चालवली. पाडलेल्या देवळांची संख्या सुमारे २८० सांगितली जाते. त्याची समाधी रायतूरच्या इगर्जेत आहे, आणि तिच्यावरील शिलालेखात, या भूमीतील देवळे पाडणारा अशीच त्याची ओळख कोरलेली आहे. मरणोत्तर कीर्तीसाठी निवडलेली ही एक ओळ त्या काळाची मूल्यदृष्टी एखाद्या दप्तराइतकी स्पष्ट सांगते. ज्या देवता मूर्तिभंगातून वाचल्या त्या नदीपलीकडे, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर गेल्या. कुठ्ठाळचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, मडगावचा दामोदर जांबावलीला. गोव्यातील हिंदू कुळांच्या कुलदेवतांचा भूगोल या काही वर्षांत नव्याने आखला गेला.

देऊळ पडले म्हणजे केवळ मूर्तीचे स्थान नाहीसे झाले असे नाही. ग्रामसभेची जागा गेली, उत्सवातील मानपानाची क्रमवारी कोलमडली आणि पुराणिकाची बैठकही मोडली. एकनाथांनी भागवताची ओवीबद्ध टीका १५७३ साली पूर्ण केली. म्हणजे साष्टीतील देवळे पडत होती ती नेमकी मराठी ओवी आख्यानाच्या ऐश्वर्याला पोचत असतानाची वर्षे. जुने धर्मग्रंथ जवळ बाळगणे नवख्रिस्तींना वर्ज्य ठरले. कानाला मात्र पुराण ऐकण्याची सवय होती, आणि ती कोणत्याही फर्मानाने लगेच जात नाही.

स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. विल्टशरमधील बुश्टन या गावी १५४९ मध्ये जन्मलेल्या या इंग्रजाचे उर्वरित आयुष्य, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मुख्यतः साष्टीत गेले. त्यांच्या साष्टीतील सुरुवातीच्या वर्षांवर एका घटनेची गडद छाया आहे. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे इगर्जेसाठी जागा पाहण्यास गेलेल्या पाच येशूसंघीयांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही जणांना गावकऱ्यांनी ठार केले. पथकाचे प्रमुख रूदोल्फो आक्वाविवा हे अकबराच्या फत्तेपूर सीक्रीच्या दरबारात सुमारे तीन वर्षे धर्मचर्चा करून त्याच वर्षी परतले होते. बादशहाच्या इबादतखान्यात ज्यांचे म्हणणे आदराने ऐकले गेले, त्यांना साष्टीतील एका गावाने ऐकूनही घेतले नाही. दरबारातला वाद विचारांपुरता होता, कुंकळ्ळीत मात्र प्रश्न जमिनीचा आणि आधी पाडल्या गेलेल्या देवळांचा होता. मृतदेह परत आणण्याच्या कामी स्टीफन्स होते असे नोंदले गेले आहे. ते देह रायतूरच्या हिमाच्या मातेच्या इगर्जेत पुरण्यात आले, १५९७ मध्ये गोवा शहरातील सेंट पॉल विद्यालयात हलवले गेले आणि १८६२ मध्ये जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलमध्ये नेण्यात आले. १८९३ साली पोप लिओ तेरावे यांनी या पाचांना ‘धन्य’ घोषित केले.

सत्तेचा सूड तात्काळ आला. कुंकळ्ळी आणि शेजारच्या गावांच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणे येथील किल्ल्यावर बोलावून मारण्यात आले. गावांच्या जमिनी जप्त होऊन पोर्तुगीज उमरावांना दिल्या गेल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी भाऊ रिचर्ड यांना लिहिलेल्या पत्रात या हत्याकांडाचा वृत्तांत आहे, आणि त्याच पत्रात या देशातील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षणही आहे. तुलनात्मक भाषाशास्त्राचे इतिहासकार हा दुसरा भाग वारंवार उद्धृत करतात. पहिला भाग ते सहसा वगळतात. पत्र एकच आहे, हे विसरता कामा नये. साष्टीच्या भाषेकडे स्टीफन्स यांनी वळवलेले लक्ष आणि साष्टीच्या मातीत सांडलेले रक्त एकाच पत्रात आले आहे.

तीन दशकांनंतर, १६१६ साली, रायतूरच्या येशूसंघीय विद्यालयात ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले. मडगावचे विद्यालय असुरक्षित ठरल्यामुळे रायतूरला हलवले गेले होते. त्याच छापखान्यातून स्टीफन्स यांची ‘दौत्रिना क्रिश्तां’ ही प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षिका १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर पडली. पुराणाची पुढची मुद्रणे १६४९ आणि १६५४ ची. या तिन्ही मुद्रणांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ दोन भागांत आहे : आदिपुराणाचे ३६ आणि दुसऱ्या पुराणाचे ५९, असे एकूण ९५ ‘अवस्वरू’, आणि १०,९६२ ओव्या. मुद्रण रोमी लिपीत झाले, कारण छापखान्याजवळ देवनागरीचे खिळे नव्हते.

ग्रंथाची चौकट येथे विशेष महत्त्वाची आहे. निवेदन सुरू होते ते साष्टीतल्या इगर्जेत, रविवारी, धर्मशिक्षणाच्या वेळी. एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून पाद्रीला विचारतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? या विनंतीला उत्तर म्हणून पुढचे सारे काव्य येते. पुराणात श्रोत्याने प्रश्न विचारावा आणि वक्त्याने कथा सांगावी, हा संकेत मराठी श्रोत्याला परिचित होता. शौनक आणि सूत, जनमेजय आणि वैशंपायन यांच्या जागी आता धर्मग्रामातील ब्राह्मण आणि पाद्रीगुरू आले. परंतु संकेत म्हणून ही चौकट बाजूला सारता येत नाही. तिच्यात एक कबुलीही आहे. पुराणे हिरावली गेली आहेत, हे विधान प्रत्यक्ष ग्रंथातच, धर्मांतरिताच्या तोंडी, येते, आणि पाद्री ते नाकारत नाही. मिशनरी वाङ्मयात अशी वाक्ये वारंवार सापडत नाहीत.

ओवीचे स्वरूपही ग्रंथाच्या श्रवणीयतेशी निगडित आहे. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, हा बंध एकनाथी परंपरेतून सरळ आलेला. शब्दकळेत वैकुंठ आणि परमेश्वर हे शब्द ख्रिस्ती अर्थाने वावरतात; सैतानाला गावच्या ‘देवचारा’चे नाव मिळते. ज्या कल्पनांना स्थानिक प्रतिशब्द देणे धर्मदृष्ट्या धोक्याचे वाटले तेथे पोर्तुगीज वा लॅटिन शब्द तसाच ठेवला गेला. प्रस्तावनेत स्टीफन्स यांनी विषयाला मराठी अधिक साजेशी असल्याचे सांगून, सामान्य श्रोत्यांना कळावे म्हणून कोकणीतले सोपे शब्द मिसळल्याचे म्हटले आहे. म्हणजे भाषेची निवडही अखेर श्रोत्यांकडे पाहूनच झाली. साष्टीतील शेतकरी घरी कोकणी बोलत असे, पण देवाधर्माचे ऐकत असे मराठीतून. घरची भाषा आणि कथाश्रवणाची भाषा वेगळी असणे ही त्या समाजाची नित्याची स्थिती होती. ‘मराठी की कोकणी’ हा प्रश्न विसाव्या शतकातील राजकारणाला जितका निकडीचा वाटला तितका तो त्या श्रोत्याला सुचलाही नसता. मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात, ज्याकडे जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात अभ्यासकांचे लक्ष वेधले, पोर्तुगीज शब्दांच्या जागी पुष्कळदा संस्कृत शब्द आढळतात. ते मूळ पाठाच्या जवळचे की नंतरचे शुद्धीकरण, याबद्दल मतभेद आहेत. वेगवेगळ्या श्रोतृवर्गांसाठी एकाच ग्रंथाचे दोन पाठ वावरले असणे अशक्य नाही.

इगर्जेचे काम रविवारच्या मिस्सेपुरते नव्हते. तिच्याभोवती जी व्यवस्था रचली गेली तिच्यात जुन्या गावाचे सांगाडे जवळजवळ जसेच्या तसे बसले. गावकारी म्हणजे मूळ वसाहतकारांच्या कुळांची सामाईक जमीनसंस्था; तिच्या वांगडांना देवळाच्या उत्सवात जो मान होता तो आता सायबिणीच्या फेस्ताला मिळू लागला. पूर्वी देवळाच्या खर्चाला जाणारे उत्पन्न इगर्जेच्या ‘फाब्रिके’कडे वळले. ‘कोंफ्रारी’ नावाच्या बंधुमंडळांनी मिरवणुकीतील जागा, मेणबत्ती धरण्याचा अधिकार, दफनाचा मान हे सारे वाटून घेतले. कोंफ्रारीच्या सभासदाचा अंगरखा आणि त्यावरील आखूड झगा, ज्याला ‘ओपा-मुर्सा’ म्हणतात, त्याचा रंगही जातीने ठरू लागला : लाल उच्च मानल्या गेलेल्यांचा, निळा इतरांचा. वेदीपुढे सर्व समान, असे शिकवणाऱ्या वास्तूत लाल-निळ्याचे तंटे शतकानुशतके चालले. रोवेना रॉबिन्सन यांनी दक्षिण गोव्यातील एका गावाच्या अभ्यासातून (१९९८) हे सातत्य बारकाईने दाखवले आहे.

याच व्यवस्थेतून ‘मेस्त’ पुढे आला. धर्मग्रामाच्या शाळेतला हा शिक्षक मुलांना अक्षरे, धर्मप्रश्नोत्तरे, लॅटिन स्तोत्रे आणि व्हायोलिन शिकवी. चातुर्मासासारखा पाळला जाणारा उपवासकाळ आला की येशूच्या दुःखभोगाच्या मिरवणुकांत मोटेट गायले जात, आणि ही बहुस्वरी गीते लॅटिनबरोबर कोकणीतही रचली गेली. घरोघरीच्या लादाइन्यांनी इगर्जेचे संगीत अंगणातल्या क्रुसापर्यंत आणले. पुढे मुंबईत १८९२ मध्ये जन्मलेल्या तियात्राला आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना गोव्याने जे वादक पुरवले, त्यांच्यापैकी अनेकांच्या बोटांना पहिले वळण अशा मेस्तांनी लावले होते.

उत्तर भारतातील वसाहतकालीन कॅथलिक चर्चशी तुलना केली तर साष्टीचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. अवधमध्ये कॅथलिक उपासना आली ती मुख्यत्वे युरोपीय नोकरदार, सैनिक आणि त्यांच्या छावण्यांबरोबर. लखनौचा स्वतंत्र धर्मप्रांत तर १९४० साली झाला. सरधन्यातले भव्य चर्च बेगम समरूच्या वैयक्तिक आश्रयाने उभे राहिले. क्लॉद मार्तांसारख्या लियोंच्या साहसी पुरुषाला लखनौमध्ये आपल्याच कॉन्स्टॅन्शिया प्रासादाच्या तळघरात चिरनिद्रा घ्यावी लागली. तेथे चर्चभोवती वस्ती जमली ती चाकरीच्या, व्यापाराच्या किंवा आश्रयाच्या निमित्ताने. साष्टीत इगर्ज गावाच्या जमिनीवर, गावाच्या मानपानावर आणि गावाच्या कथाश्रवणाच्या सवयीवर उभी राहिली. उत्तरेत ओवीबद्ध क्रिस्तपुराण निर्माण झाले नाही याचे कारण भाषेची असमर्थता हे खचितच नव्हते. तुलसीदासांच्या अवधीला कोणते आख्यान जड गेले असते? तेथे असे पुराण मागणारा गाव चर्चमध्ये बसलेला नव्हता.

साष्टीतले पुराणश्रवण मात्र राज्यसत्तेच्या मर्जीवर अवलंबून राहिले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी असे फर्मान काढले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील छपाईही थांबली, ती १८२१ पर्यंत. १६२९ मधील एतियेन द ला क्रुआ यांचे पीटरवरील पुराण, १६५५ मधील आंतोनियु द साल्दान्य यांची संत आंतोनीची जीवित्वकथा, १६५८-५९ मधील मिगेल द आल्मैद यांचा ‘वनवाळ्यांचो मळो’ ही मालिका अशा रीतीने अचानक तुटली. १७५९ मध्ये येशूसंघाची हकालपट्टी झाली, धर्मग्रामे धर्मप्रांतीय पाद्रींकडे गेली आणि रायतूरचे विद्यालय १७६२ मध्ये ‘बों पास्तोर’ या नावाने धर्मप्रांतीय सेमिनरी झाले. तेथे पुढील दोन शतके गोव्याचे पाद्री घडले. पण ते आता पुराण लिहीत नव्हते.

ग्रंथ टिकला तो साष्टीबाहेर. दक्षिणेकडे स्थलांतरित झालेल्या कानडा किनाऱ्यावरील कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती नेल्या, जपल्या, पुन्हा उतरवल्या. १७८४ मध्ये टिपूने या समाजाला श्रीरंगपट्टणला कैदेत नेले तेव्हा त्या बंदिवासातही पुराणाच्या ओव्या म्हटल्या गेल्याची स्मृती मंगळूरच्या परंपरेत आहे. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला काढलेली आवृत्ती अशाच हस्तलिखितांवर आधारलेली होती. त्याआधी कुन्य रिव्हारा यांनी १८५७ मध्ये स्टीफन्स यांचे व्याकरण पुन्हा छापून आणि पुढच्याच वर्षी कोकणीवरील निबंध लिहून, राज्यकर्त्यांनीच या भाषेवर केलेला अन्याय उघडपणे मांडला होता. तो सरकारी अधिकारी होता, हे विशेष. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये आली, कारिदाद द्रागो यांची १९९६ मध्ये. एकविसाव्या शतकात नेल्सन फाल्काव यांनी ग्रंथाचा धर्मशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. वसईच्या फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची वंशावळ सांगताना सर्वांनीच स्टीफन्स यांच्यापासून आरंभ केला. ते योग्यच होते, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वसईच्या चर्चमध्ये उपासना मराठीत स्थिरावली, तर साष्टीत ती कोकणीत, आणि तीही रोमी लिपीत. ज्या इगर्जांसाठी पुराण रचले गेले त्यांना ते आता परक्या भाषेतले, आणि परक्या लिपीत छापलेले, वाटते.

गावाच्या स्मृतीतले इतर थर मात्र उघडे आहेत. रायतूरशेजारच्या राय गावात ५ ऑगस्टला, हिमाच्या मातेच्या सणाच्या दिवशी, कणसांचे फेस्त होते. नव्या भाताची पहिली कणसे वाजतगाजत इगर्जेत आणून आशीर्वादित केली जातात आणि मग ती घराघरांतून वाटली जातात. साष्टीतील हंगामाचे हे पहिले फेस्त मानले जाते. नदीपलीकडच्या हिंदू घरांत नव्याच्या दिवशी दाराला कणसे बांधतात; दोन्हींकडची कणसे एकाच पिकाची असतात.

कुंकळ्ळीत आरोग्यमातेच्या इगर्जेवर बारा गावकर कुळांनी आपला मान सांगितला, आणि तीच बारा कुळे फातर्प्याला गेलेल्या शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीचीही मानकरी राहिली. फाल्गुन शुद्ध पंचमीला ‘सोंत्र्यो’ निघतात : बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या फातर्प्याहून कुंकळ्ळीतल्या मूळ स्थानी येतात, गुलालाने रस्ता लाल होतो, आणि मिरवणुकीत ख्रिस्ती गावकर आपल्या कुळाच्या छत्रीखाली हिंदू भाऊबंदांबरोबर चालतात. हत्या झालेल्या येशूसंघीयांचे कपेल गावात पूर्वीपासून होते. असोळण्याला मारल्या गेलेल्या प्रमुखांचे स्मारक त्याच गावात उभारले गेले ते २००३ साली, चारशे वीस वर्षांनी.